अपघाती मृत्यू आणि ‘जाणीव’ सिद्ध करणारा पुरावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रस्त्यावर भीषण अपघात घडला की सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवण्याची मागणी होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये गोव्यातील बाणस्तारी पुलावर तिघांचा बळी गेला, तेव्हा उसळलेला संताप रास्तच होता. परंतु फोंड्यात बरीच वर्षे वकिली केल्यावर मला भीती वाटते ती अशी की, कलम कडक लागते आणि पुरावा मात्र हलकाच राहतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) नुसार हयगयीने मृत्यू घडवल्यास कमाल पाच वर्षे कैद होते आणि गुन्हा जामीनपात्र असतो. (जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये ही शिक्षा अवघी दोन वर्षे होती.) सदोष मनुष्यवधाच्या कलम 105 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी आपल्या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे, ही जाणीव आरोपीला होती, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. किती जण दगावले, यावरून ही जाणीव ठरत नाही. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने केवळ हयगय मानली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानला आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. चालकाच्या रक्तात आढळलेले मद्य त्यात मोलाचे ठरले.

खरी अडचण इथेच आहे. तपासाची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी नेण्याचे जे बंधन आहे, ते सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे. म्हणजे पहिल्या रात्री कलम 106 लावले, तर ज्या पुराव्यावरून 105 सिद्ध व्हावे, तो गोळा करण्याचे बंधनच उरत नाही. टायरच्या खुणा पुसल्या जातात, रक्तातील मद्य तासागणिक उतरते, आणि पुढे वाढवलेले कलम आरोपनिश्चितीच्या वेळीच गळून पडते. मृताचे आईवडील मागच्या बाकावर बसून हे ऐकतात. त्यांना काय सांगावे, हे मला कधीच उमगले नाही.

म्हणून प्रत्येक जीवघेण्या अपघातात, सुरुवातीला कोणतेही कलम लागलेले असो, न्यायवैद्यक तपासणी आणि चालकाच्या रक्ताचा नमुना त्याच रात्री घेण्याचा आदेश गोवा सरकारने काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वकील, फोंडा