तांब्यातल्या घोटभर पाण्याबद्दल

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, पण वाडीतलं कुणीतरी वाचून दाखवेलच, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली बंदी संपून मासेमारीच्या बोटी सुरू झाल्या आणि आमचा धाकटा शिकवणीच्या नावाखाली हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघत बसू लागला. कपड्यांच्या वासावरून सासूबाईंनी ओळखलं. त्या म्हणाल्या, दोन ठेवून दे. ह्यांचा मुंबईहून फोनवर आरडाओरडा. तुम्ही वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या, ग्रंथवाचनाला आलात, तेव्हा वाटलं, आमचे धार्मिक विधी करणारे बौद्धाचार्य आहेत, चार शब्द सुनावतील.

तुम्ही त्यालाच पाण्याचा तांब्या आणायला लावलंत. पडवीच्या कडेला पाणी ओतलंत, तळाशी घोटभर ठेवलंत. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, असंच दाखवलं होतं म्हणालात: जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याच्यात श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, एवढंच. मग तेही ओतून तांब्या पालथा घातलात. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, आम्ही बारशापासून लग्नापर्यंत घडाघडा म्हणतो. पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा ते कान देऊन ऐकत होतं.

पण खरे आभार पुढच्यासाठी. तुम्ही आमच्याकडे वळलात. बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात, सिगाल सुत्तात, सहा दिशा म्हणजे सहा नाती; त्यात आईबाप म्हणजे पूर्व दिशा, मुलांची त्यांच्याशी पाच कर्तव्यं. तशीच आईबापांचीही मुलांशी पाच. वाईटापासून आवरायचं, चांगल्याला लावायचं, हुन्नर शिकवायचा... इथे थांबून विचारलंत, "बंदरावर हा काय बघतो, विचारलंत कधी?"

कुणीच विचारलं नव्हतं. मग तो सुटलाच! सुरमईचा भाव कसा चढतो, बोली कोण लावतं, बर्फ कमी पडला की माल कसा पडत्या भावाने जातो. सासूबाईसुद्धा ऐकत बसल्या. (भाव त्यांना चुकीचे वाटले, ते वेगळं.)

आता तो शिकवणीला जातो आणि रविवारी बंदरावर, सांगून. करण्याआधी, करताना, केल्यावर, यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का, हे राहुलला सांगितलेलं विचारणं आम्ही घरात सगळ्यांना लागू केलंय. ह्यांना 'केल्यावर' जमतं, 'करण्याआधी' अजून नाही. फोन आपटतात आणि दहा मिनिटांनी परत करतात. तेही आमच्याकडे नवीनच आहे.

त्या दिवशी तुम्ही जेवायलाही थांबला नाहीत. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या सांगतेला याल तेव्हा ते चालायचं नाही. बाजार धाकटा करणार आहे.

तुमची,
बौद्धवाडीतली सूनबाई