घरच्या सुतारकामात यंत्राआधी ठिय्या हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी सुतारकाम शिकू पाहणारे बहुतेक जण पहिला खर्च यंत्रांवर करतात. मीही तेच केले. सदनिकेच्या चार फुटी गच्चीत गोल पात्याची विजेची करवत चालवली आणि पहिल्याच दुपारी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर भुसा पडला. त्या कुरडया मला विकत भरून द्याव्या लागल्या, हे ओघाने आलेच.

नंतर दार दुरुस्त करायला आलेल्या एका मिस्त्रींनी माझा सरंजाम पाहून, 'लाकूड धरायचं कशावर?' एवढेच विचारले. घडीच्या टेबलावर मी रंधा मारत असे तेव्हा टेबलच फरशीवरून पुढे सरके आणि त्याला पायाने अडवण्यात निम्मा जोर जाई. म्हणून नवशिक्याने आधी भिंतीला पक्के केलेले, दोन इंच जाड फळीचे टेबल, म्हणजेच कामाचा ठिय्या, करावा. ताठ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण तेवढी त्याची उंची ठेवावी आणि त्याला एक शिकंजा, म्हणजे लाकूड आवळून धरणारी पकड, बसवावा. त्यावर करवत, रंधा, दोन पटाशा (लाकूड कोरायची सपाट धारेची हत्यारे), गुण्या (काटकोन तपासायचे साधन) आणि धारेचा दगड एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. दगडाला कमी लेखू नये, कारण नवी पटाशीही दुकानातून कामाजोगी धार घेऊन क्वचितच येते.

यंत्र घ्यायचेच असेल, तर त्याआधी वायरमनला बोलवावे. १३०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेपाच अँपिअरच्या पुढे जाते आणि सुरू होताना त्याहून बरेच जास्त खेचते. त्यामुळे ते दिव्या-पंख्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर न चालवता अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट घ्यावे. मास्कही हवाच. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

सराव सागवानावर करू नये. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले साधे पाइन त्यासाठी पुरते. परदेशी मालाच्या जुन्या पॅलेटच्या (माल ज्यावर रचून येतो त्या लाकडी चौकटीच्या) फळ्या घेतल्यास त्यांच्यावरचा शिक्का पाहावा: 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेले लाकूड, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, आणि हे दुसरे घरात आणू नये. श्रावणात घट्ट ठोकलेली रुंद फळी वैशाखात आकसून मधोमध तडकते. माझ्या पहिल्या पाटाचे तेच झाले. आता मी स्क्रूची भोके लांबट ठेवतो, म्हणजे फळीला आकसायला-फुगायला जागा राहते.

राहिला प्रश्न आवाजाचा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि विजेची करवत ती केव्हाच ओलांडते. गृहनिर्माण संस्थांनी वाहनतळाचा एखादा कोपरा ठरावीक वेळेपुरता या कामाला दिला, तर भुसा आणि गोंगाट दोन्ही घराबाहेर राहतील. आमच्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. अन्यत्र अशी सोय झाली असल्यास वाचकांनी या सदरातून जरूर कळवावे.

आपला,
एक वाचक, पुणे