जूनमधल्या भटकंतीचा बेत

लीड्स, १९ एप्रिल

ती. आई-आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं काढल्याचं दादाने कळवलं आणि त्या रात्रीच आम्ही लेक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे इथल्या तळ्या-डोंगरांच्या मुलखाचा, नकाशा जमिनीवर पसरला. तेव्हापासून तो तिथेच आहे.

आप्पा, फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळ्यात उंच डोंगर कुठला, तोच करू." तो स्काफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडमधला सर्वात उंच. पण तो मी बेतात धरलेला नाही. आपलं सोलापूरच साडेचारशे मीटरवर, त्यामुळे आकडा ऐकून काही वाटणार नाही. इथे मात्र पायथा समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर असतो, म्हणजे जवळपास सगळी उंची आपल्याच पायांनी चढायची, आणि माथ्याजवळ नुसता दगडांचा खच. आई, तुला चढण्यापेक्षा उतरताना गुडघा दुखतो. तुळजापूरला देवळाकडे उतरताना तू कठड्याला धरून एकेक पायरी कशी उतरतेस, ते मला दिसतं. तू मागे एकटी बसून राहशील असा एकही दिवस मला नको आहे.

म्हणून मुक्काम केझिक गावी आणि चालणं तळ्याकाठचं. डरवेंटवॉटर तळ्यात छोटी लाँच फिरते, काठाकाठाने धक्के घेत. हॉज एंडला उतरायचं, ब्रँडलहाउच्या झाडीतून पाण्याला धरून दोनेक किलोमीटर चालायचं आणि पुढच्या धक्क्यावर पुन्हा लाँचमध्ये बसायचं. दमलं तर मधलाही एक धक्का आहे. आप्पा, ही झाडी १९०२ साली लोकवर्गणीतून विकत घेतली, सगळ्यांना कायम मोकळी राहावी म्हणून. निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची या भागातली ती पहिली जागा. देवस्थानासाठी वर्गणी काढावी तशी लोकांनी चालण्याच्या जागेसाठी काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दादा-वहिनींना चढायचंच असेल तर त्याच हॉज एंडवरून कॅटबेल्सची वाट निघते. ४५१ मीटर. काही ठिकाणी हात टेकून चढावं लागतं, म्हणून खडक ओले असतील तर तेही नाही. चिंगी आपल्याबरोबर खालीच.

दुसरा मोठा दिवस बटरमिअरचा. तळ्याला पूर्ण फेरी सुमारे सात किलोमीटर, वाट बहुतेक सपाट, आणि एके ठिकाणी खडकात खोदलेला छोटा अंधारा बोगदा. चिंगी तिथून हलणार नाही. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये हिशेब घालून दिलाय: पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसांचा. आपण बटरमिअरला तीन तास धरू, डबा खायला वेगळा वेळ. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो, घाई कशाला?

आईला अगदीच नको वाटलं तर टार्न हाउज नावाचं छोटं तळं आहे. तीनेक किलोमीटरची बांधीव वाट, व्हीलचेअरसुद्धा जाते.

आता पाऊस. अटलांटिकवरचे ढग या डोंगरांना येऊन अडतात, त्यामुळे जूनमध्येही तो कधीही येतो आणि गार असतो. जीन्स घालून चालायचं नाही; भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब जाते. रेनकोट मी इथे घेते, मापं कळवा. बूट मात्र नवी पेठेतून आत्ताच घ्या, तळव्याला खाचा असलेले, बोटांपुढे जरा जागा राहील असे, आणि रोज सकाळी सिद्धेश्वर तलावावर तेच घालून जा. नवे बूट इथे येऊन पहिल्यांदा घातले तर दुसऱ्या दिवशी फोड.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर आणा, डब्याला तेच नेऊ. पेढे, तूप आणू नका, दुधाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत.

आई, डॉक्टरांना गुडघ्याचा पट्टा आणि काठी याबद्दल विचारून या रविवारी फोनवर सांग. त्यावर बटरमिअरची फेरी पूर्ण घ्यायची की अर्धी, ते ठरवते.

तुमची,
माई