खुर्ची हातभर सरकवणाऱ्या ताईंना

ताई,

माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात, रुबेन्स या चित्रकाराच्या 'युरोपा' या चित्रासमोर, तुम्ही ज्यांना स्वतःची खुर्ची दिलीत ते माझे बाबा. शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली त्यांनी. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय.

आमच्या सहलवाल्यांनी प्राडोला पाऊण तास दिला होता. बाबांचे गुडघे भरून आले होते. जरा कुठे बसता येईल का, विचारलं तर उत्तर आलं, "काका, गूगलवर सगळी चित्रं आहेत, चला लवकर." एवढे पैसे भरून हे ऐकायचं? अजून सलतं.

दालनावर लक्ष ठेवत बसलेल्या तुम्ही उठून आलात तेव्हा वाटलं, आता हटकणार. तुम्ही खुर्ची आणून ठेवलीत. आधी स्वतः बसून चित्राकडे पाहिलंत, मग उठून ती हातभर डावीकडे सरकवलीत. बाबा बसले तेव्हा कळलं, रंगावर पडणारी दिव्याची चकाकी तिथून दिसत नव्हती. ताई, खुर्ची कुणीही देईल हो. पण ओळख ना पाळख, भाषा वेगळी, तरी त्या म्हाताऱ्या माणसाला नीट दिसतंय ना, हे बघायचं कुणाच्या मनात येतं?

बैलाच्या पाठीवरून पळवून नेल्या जाणाऱ्या त्या राजकन्येच्या, युरोपाच्या, हातातलं ते फडफडणारं लाल वस्त्र बाबा किती वेळ बघत होते! रात्री मला सांगत बसले. मूळ चित्र टिशियन या त्याच्या आधीच्या इटालियन चित्रकाराचं. 1628-29 मध्ये रुबेन्स माद्रिदला आला, तेव्हा पन्नाशी उलटलेली, युरोपभर नाव झालेलं, तरी राजाच्या संग्रहातलं ते चित्र विद्यार्थ्यासारखं उतरवून काढलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःसाठी. अँटवर्पच्या घरी ते शेवटपर्यंत जवळ ठेवलं. 1640 मध्ये तो गेला आणि त्याच्या मागे राहिलेल्या चित्रांतून स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाने ते विकत घेतलं, रुबेन्सचं 'तीन ग्रेसेस' हे चित्रही घेतलं. मूळ चित्र पुढे स्पेनबाहेर गेलं, आज बॉस्टनला आहे. माद्रिदला राहिली ती नक्कल. "नक्कल करायला लाजू नका, हेच मी पोरांना सांगत आलो," बाबा म्हणाले. आवाज भरला होता त्यांचा.

आम्ही निघेपर्यंत तुम्ही उभ्याच होतात. बाबांनी हात जोडले, तुम्ही छातीवर हात ठेवलात.

आता बाबा घरी युरोपा काढतायत, जलरंगात. तिसरा कागद चालू आहे. लाल अजून जमत नाही म्हणतात.

तुमची,
त्यांची मुलगी