कैखुस्रोचा दोष नेमका कुठला?

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

१२४३ मध्ये कोसेदाग येथे मंगोलांकडून झालेल्या पराभवाचे खापर अनातोलियाचा (आजच्या तुर्कस्तानातला) सल्जुक सुलतान कैखुस्रो दुसरा याच्या माथी फोडावे काय, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तो दोषी आहेच. पण त्याचा खरा दोष रणांगणावरचा नाही, तर गादीवर आल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतला आहे.

१२३७ साली कायसेरीच्या मेजवानीत त्याचा पराक्रमी पिता अलाउद्दीन कैकुबाद विषप्रयोगाने मरण पावला, असे इतिहासकार सांगतात. कैकुबादने अय्यूबी (सलाहुद्दीनच्या घराण्यातल्या) राणीच्या धाकट्या मुलाला वारस नेमले होते. सरदारांनी मात्र सोळाच्या आसपासच्या कैखुस्रोला गादीवर बसवले. या कटातला अग्रणी सादेद्दीन कोपेक याने पुढे त्या राणीचा आणि तिच्या मुलांचा काटा काढला. सुलतानाच्या चाकरीत असलेल्या मध्य आशियातल्या ख्वारज्मी फौजेचा सेनानी कायर खान कैदेत मेला, त्याचे सैनिक मुलूख लुटत निघून गेले आणि कमालुद्दीन कामयारसारखे मुरब्बी सरदार एकामागून एक मारले गेले. प्रत्येक वेळी सुलतानाची संमती होतीच. कोपेक आपल्याच जिवावर उठेल अशी भीती वाटू लागली, तेव्हाच सुलतानाने त्याला ठार करवले आणि मृतदेह पिंजऱ्यात घालून टांगवला. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

१२४० मध्ये बाबा इशाक या धर्मोपदेशकाच्या मागे गेलेल्या तुर्कमान (भटक्या तुर्क) लोकांनी सुलतानाच्या फौजांचा वारंवार पराभव केला. शेवटी किरशेहिरजवळच्या माल्या मैदानावर फ्रँक (पश्चिम युरोपीय) भाडोत्री घोडेस्वार आघाडीला घालून ते बंड मोडावे लागले. मला तरी कोसेदागपेक्षा ही घटना अधिक बोलकी वाटते, कारण ज्या तुर्कमानांच्या बळावर सल्जुकांनी अनातोलिया जिंकला, तेच आता राज्याला परके झाले होते. त्याच काळातली त्याची चांदीची नाणी मात्र फार देखणी आहेत: चालता सिंह आणि त्याच्या पाठीवर उगवता सूर्य. हे चिन्ह म्हणजे त्याच्या जॉर्जियन राणीची जन्मपत्रिका होती, अशी आख्यायिका आहे.

१२४२ मध्ये सेनापती बायजूच्या मंगोलांनी पूर्वेकडचे एर्झुरुम शहर घेतले. जाणत्यांचे म्हणणे सिवास शहराच्या आसऱ्याने थांबावे असे होते; परंतु दरबारातल्या उतावळ्या तरुणांचेच सुलतानाने ऐकले. २६ जून १२४३ रोजी कोसेदाग येथे मंगोलांनी माघारीचे सोंग केले, पाठलाग करणारी आघाडी कापली गेली आणि सुलतान छावणी टाकून पळाला. वजीर मुहज्जिबुद्दीनने स्वतः बायजूकडे जाऊन वार्षिक खंडणीवर तह केला, म्हणून निदान राज्य उरले. असे आणखी चार वजीर सुलतानाने राखले असते, तर सिवासच्या मसलतीत त्याला आवरणारे कोणी असते.

तीनच वर्षांत तो वारला. मागे तीन अल्पवयीन मुलगे राहिले आणि गादीवर कोणाला बसवायचे हे पुन्हा सरदारच ठरवू लागले. तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
श्रीकांत