शाळेच्या भिंतीसाठी आणि तिच्यापुढच्या झाडांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

डहाणू तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर जिल्हा परिषद शाळेची रस्त्याकडची भिंत यंदा बचत गटातल्या बाया लिहिणार आहेत, म्हणजे वारली चित्रांनी रंगवणार आहेत. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहिणं हे वारल्यांत मुळात सवाशिणींचंच काम. चौकातली पालघट देवी, झाडझाडोरा, सगळं त्यांच्याच हातचं. १९७०नंतर हे चित्र कागदावर आलं, शहरात गेलं, पण नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. म्हणून ही भिंत बायांची, आणि चित्रंही झाडं राखणाऱ्या बायांचीच.

एका बाजूला उत्तराखंडातल्या चमोलीतल्या रेणी गावच्या, चिपको आंदोलनातल्या गौरादेवी. २६ मार्च १९७४ रोजी गावात पुरुष नसताना २७ बाया घेऊन त्या झाडं तोडायला आलेल्यांच्या कुऱ्हाडीसमोर उभ्या राहिल्या. जंगल आमचं माहेर आहे, म्हणाल्या. मध्ये कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्का, डोक्यावर घागर, मागे त्यांनी लावून जगवलेले हुलिकल-कुदूर रस्त्याचे वड. शेवटी केनियाच्या वांगारी मथाई. १९७७पासून त्यांनी गावोगावच्या बायांकडून रोपं तयार करून घेतली, आणि जगलेल्या रोपामागे त्या बायांना थोडे पैसे दिले.

हीच रीत आम्ही उचलतो आहोत. भिंतीपुढे मोह, करंज, जांभूळ, बहावा लावायचे आहेत. रोपं वनविभागाच्या रोपवाटिकेतून मिळतील, खड्डे आम्ही खणू, काट्यांचं कुंपणही करू. खरी अडचण होळीनंतरची. विहीर तळाला जाते, पाणी लांबून आणावं लागतं आणि पावसाळ्यात लावलेलं रोप वाळतं. तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या बाईला तिच्या श्रमाचं मोल मिळालंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

त्यासाठी मदत हवी आहे. घरातल्या भिंतीला गेरू आणि तांदळाचं पीठ पुरतं. बाहेरच्या भिंतीवर इथला पाऊस ते चार दिवस टिकू देणार नाही, तेव्हा पक्का रंग घ्यावा लागेल. परांची भाड्याने आणायची आहे. लिहिणाऱ्या बायांचे रोज बुडतील, त्यांची मजुरी द्यायची आहे. पाण्यासाठी २०० लिटरची जुनी पिंपं कुणाकडे असतील तर तीही चालतील.

रक्कम कितीही लहान असो, गटाच्या बँक खात्यात जमा होईल, पावती मिळेल आणि हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. देणगीदारांची नावं वहीत राहतील, भिंतीवर लिहिणार नाही. रंगकाम मेअखेर संपवायचं आहे, रोपं मृग लागला की लावू. वस्तू शाळेच्या वेळेत शाळेत आणून द्याव्यात.

आपल्या,
महिला बचत गट व शाळा व्यवस्थापन समिती