प्रश्न नियम किती हा नाही, कुठे बोचतात हा आहे

संपादक महोदय,

नियम जाचक म्हणून नोकऱ्या नाहीत, असे एक बाजू म्हणते. नियम सैल केले की कामगार नागवला जातो, असे दुसरी. वाद नियम किती यावरच अडतो. पण तो नियम कुणाला आणि कोणत्या टप्प्यावर लागू होतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

फ्रान्समध्ये कर्मचारी 50 झाले की नफ्यातला वाटा, कामगार समितीचे वाढीव अधिकार अशा अनेक जबाबदाऱ्या एकदम अंगावर येतात. त्यामुळे पन्नाशीच्या अलीकडेच थबकलेल्या कंपन्यांची तिथे गर्दी आढळते. काम असूनही पन्नासावा माणूस घेतला जात नाही, आणि न दिलेल्या नोकरीची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. 2019च्या कायद्याने सलग पाच वर्षे ही मर्यादा ओलांडल्यावरच अशा बऱ्याच जबाबदाऱ्या लागू करायचे ठरवले. हक्क रद्द न करता मालकाची धास्ती कमी करणारा हा मार्ग मला पटतो.

डेन्मार्कमध्ये कामावरून कमी करणे सोपे, पण बेकारी विम्याच्या सभासदाला दोन वर्षांपर्यंत भत्ता आणि नव्या कामाचे प्रशिक्षण मिळते. त्या देशाचा दाखला देणारे बहुतेक जण पहिलाच भाग सांगतात, याचा संताप येतो.

जर्मनीने 2015 मध्ये ताशी 8.50 युरो किमान वेतन लागू केले, तेव्हा लाखो नोकऱ्या बुडतील अशी भाकिते झाली होती. ती खरी ठरली नाहीत. बांगलादेशात 2013 मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही कामगारांना आत धाडले गेले होते. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, कारखान्यांच्या तपासण्या झाल्या, आणि पुढच्या वर्षांत कपड्यांची निर्यात वाढली. सुरक्षेने धंदा बुडतो हे म्हणणे तिथे तरी टिकले नाही.

धंद्याला किती परवाने आणि किती दिवस लागतात हे मोजून देशांना क्रमांक देणारा जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे 2021 मध्ये बंद झाला. त्या क्रमांकांमागे अनेक सरकारे धावली.

नियम आणताना किंवा काढताना तो किती कर्मचाऱ्यांपासून लागू होणार, लहान उद्योगाला तयारीला किती मुदत आणि नोकरी गेलेल्याचा भार कोण उचलणार, हे सरकारांनी मसुद्यातच लिहावे. वृत्तपत्रांनीही आधी तेच विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक